नव्या हंगामाचे वाटे: बियाण्यापासून पहिल्या टोपलीपर्यंतच्या नोंदी

6 जानेवारी

आमच्या शेताचे सभासद हंगामाचे पैसे आगाऊ भरतात आणि दर आठवड्याला भाजीची एक टोपली, म्हणजे आपला वाटा, नेतात. नोंदणी कधी सुरू करताय, अशी त्यांची विचारणा सुरू झाली आहे. त्याआधी एक आकडा ठरायला हवा: यंदा भाजीचे वाटे किती द्यायचे.

हा आकडा भरल्या शेताकडे बघून ठरवायचा मोह होतो. काकडीचा भर असतो, टोमॅटो तोडून संपत नाही, तेव्हा आणखी वीस घरं सहज निभावतील असंच वाटतं. पण सभासद पैसे भरतो ते सगळ्या हंगामाचे. एका आठवड्यात टोपली ओसंडली म्हणून दुसऱ्या आठवड्यातली अर्धी टोपली तो विसरत नाही, आणि त्याने विसरावी अशी अपेक्षाही धरू नये. म्हणून यंदाचा नियम असा: हंगामातला सगळ्यात रोड, म्हणजे सगळ्यात कमी भाजीचा आठवडा शोधायचा आणि त्या आठवड्यात जितक्या टोपल्या नीट भरतील तितकेच वाटे नोंदवायचे. बाकीच्या आठवड्यांत जे जास्त येईल त्याची सोय लावता येते. जे पिकलंच नाही त्याची लावता येत नाही.

मागच्या हंगामाची वाटपवही घेऊन बसलो. रोड आठवडे दोन जागी दिसतात. एक अगदी सुरुवातीला, जेव्हा शेतात नुसता पाला असतो. दुसरा मध्यावर, जेव्हा पहिल्या लावणीचा घेवडा आणि काकडी उतरणीला लागलेली असते आणि दुसरी लावण अजून फुलावर असते. सुरुवातीचा रोडपणा वाटप थोडं उशिरा सुरू करून टळतो. मधला मात्र पेरणीच्या तारखांनीच भरून काढावा लागतो.

7 जानेवारी

भिंतीवर मोठा कागद लावला. आडवे आठवडे, उभी पिकं. कागद भरायचा तो टोपलीपासून मागे बियाण्याकडे.

टोपलीत सात जिन्नस धरले: दोन पालेभाज्या, एक मूळ किंवा कंद, दोन फळभाज्या, एक शेंगभाजी आणि कोथिंबीर किंवा कांदापात यांपैकी काहीतरी एक. याहून कमी दिलं तर आठवडा निभत नाही. दहा-बारा जिन्नस द्यायला गेलं तर प्रत्येकाचं इतकं थोडं वाट्याला येतं की कशाचीच धड भाजी होत नाही.

घेवड्याचा हिशेब करून बघितला. चाळीस टोपल्या, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला 20 किलो. घेवडा पेरल्यापासून साधारण 50 ते 55 दिवसांनी तोडायला येतो, दोन-तीन आठवडे भरभरून देतो आणि मग शेंगा कमी होतात, त्यातही निबर जास्त. हा रतीब टिकवायचा तर दर दोन-तीन आठवड्यांनी नवा वाफा पेरायलाच हवा, आधीचा कितीही जोमात दिसत असला तरी. मुळा याहून घाईचा. चार आठवड्यांत तयार होतो आणि तयार झाल्यावर जेमतेम आठवडाभर थांबतो, पुढे आतून पोकळ पडतो. तो दर 10 दिवसांनी, थोडा थोडा. गाजराचा स्वभाव उलटा. 80-90 दिवस घेतं, पण तयार झाल्यावर दोन-तीन आठवडे जमिनीतच सुखाने राहतं. मधल्या रोड आठवड्याचं खरं भांडवल म्हणजे गाजर आणि बीट. एप्रिलच्या अखेरच्या रकान्यात दोन्ही लाल पेनाने लिहिली, म्हणजे आधीच उपटायचा मोह झाला तर कागद आडवा येईल.

सगळ्या पेरण्या गरजेच्या सव्वापट धरल्या. नांगे पडतात (बी न उगवून ओळीत मोकळ्या जागा राहतात), पाखरं शेंडे खुडतात, एखादी सरी पाण्याखाली बसते. ही सव्वापट सभासदांना वाटायची नाही, ती हाताशी ठेवायची.

10 जानेवारी

जुन्या डब्यांतलं बियाणं काढून उगवणीची चाचणी लावली. ओला कागदी रुमाल पसरून प्रत्येक वाणाच्या 50 बिया एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडल्या, सैल गुंडाळी केली आणि पिशवीत घालून उबेला ठेवल्या. पिशवीवर वाण आणि तारीख. टोमॅटो-काकडीचं बी कोरड्या थंड जागी चार-पाच वर्षंही टिकतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच कस गमावू लागतं, म्हणून ते तपासत बसलो नाही, नवंच मागवलं.

13 जानेवारी

सभासदांना द्यायच्या पत्रकाचा मसुदा. सगळ्यात जास्त वेळ एकाच परिच्छेदावर गेला: पीक बुडालं तर काय?

हा प्रश्न या पद्धतीइतकाच जुना आहे. जपानमध्ये 1971 साली तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेती संघटना उभी राहिली आणि तिने 1978 मध्ये तेइकेईची, म्हणजे शेतकरी आणि ग्राहकांच्या थेट भागीदारीच्या पद्धतीची, दहा तत्त्वं मांडली. काय पिकवायचं हे शेतकरी आणि ग्राहकांनी हंगामाआधी बसून ठरवायचं, आणि ठरल्याप्रमाणे पिकलेलं सगळं ग्राहकांनी घ्यायचं, ही त्यांतलीच. अमेरिकेत 1986 मध्ये दोन शेतांनी हे काम वेगवेगळं सुरू केलं: मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन. टेंपल-विल्टनची रीत मला फार पटते. तिथे वर्षाचा अंदाजित खर्च सभासदांपुढे ठेवतात आणि प्रत्येक घर आपल्याला झेपेल ती रक्कम कबूल करतं. बेरीज खर्चाला भिडेपर्यंत बैठक चालते. म्हणजे पैसा किलोच्या भावाचा राहत नाही, शेत वर्षभर चालण्याचा होतो. फ्रान्समध्ये 2001 साली तूलाँजवळ डेनिस आणि डॅनियल व्हुयाँ या शेतकरी दांपत्याने याच विचारावर पहिला गट उभा केला आणि तिथून त्याचं देशभर जाळं झालं.

आपण कबुलीची बैठक यंदा घेणार नाही. त्यासाठी सभासदांची एकमेकांशी ओळख आणखी मुरायला हवी. पण खर्चाचा तक्ता पत्रकात छापायचा हे नक्की: बियाणं, खत, मजुरी, पाणी, क्रेट, वाहतूक आणि आमचा स्वतःचा पगार. शेवटचा रकाना लोक संकोचाने गाळतात. तो असायलाच हवा, कारण शेतकऱ्याची मेहनत तक्त्यात दिसली नाही की ती फुकटात धरली जाते.

बुडीत पिकाबद्दल शेवटी असं लिहिलं: «एखादं पीक गेलं तर त्याची जागा दुसऱ्याने भरू. सगळ्या शेतालाच तडाखा बसला तर टोपली हलकी होईल, आणि ती सगळ्यांची सारखीच हलकी होईल, आमच्या घरचीसुद्धा. पैसे परत मिळणार नाहीत. हे मान्य असेल तरच सही करावी.» घरात म्हणाले, वाचून लोक बिचकतील. बिचकणाऱ्याने आत्ताच बिचकलेलं बरं, भर हंगामात नको.

17 जानेवारी

चाचणीच्या गुंडाळ्या उघडल्या. टोमॅटो, काकडी, बीट उत्तम. पालक निम्म्यावर आला, तो बदलायचा. लेट्यूसच्या बिया मात्र मेलेल्या नव्हत्या, झोपलेल्या होत्या. पिशवी पत्र्याखाली ठेवली होती आणि 30 अंशांच्या वर लेट्यूसचं बी उगवायचं थांबतं. तीच गुंडाळी माठाशेजारी सरकवल्यावर दोन दिवसांत कोंब दिसले. म्हणजे लेट्यूसचे ट्रे सावलीत, जमिनीलगत.

दुपारी एका जुन्या सभासद काकूंचा फोन. «अरे, आता आम्ही दोघंच आहोत घरात. तुझी टोपली भरते छान, पण पाला संपत नाही आणि टाकायला जीव होत नाही. यंदा राहू दे म्हणते.»

«काकू, लहान वाटा काढला तर?»

«लहान म्हणजे आठवड्याआड मोठी टोपली देणार असशील तर काय उपयोग? पालेभाजी काय पंधरा दिवस थांबते?»

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. अर्धा वाटा आठवड्याआड देणं शेतकऱ्याला सोयीचं, कारण भरायच्या टोपल्या तेवढ्याच राहतात. पण ज्याला भाजी जास्त होते त्याला ती आठवड्याआडही जास्तच होते, आणि मधला आठवडा तो दुसरीकडून भाजी आणतो. ही सवय एकदा लागली की माणूस सुटतो. भाजी कमी पडली म्हणून गेलेले सभासद मला फारसे आठवत नाहीत. डोईजड झाली म्हणून गेलेले बरेच आठवतात. तेव्हा लहान वाटा दर आठवड्याला: चार जिन्नस, त्यात पालेभाजी एकच. भरायचं काम वाढेल, ते सोसू.

कागदावरच्या रोड आठवड्याशी ताळा केला. दोन लहान म्हणजे एक पूर्ण, असं धरून 40 पूर्ण वाट्यांइतकीच नोंदणी घ्यायची. काकूंचं नाव पहिल्या लहान वाट्याला.

21 जानेवारी

टोमॅटोचे ट्रे भरले. 98 कप्प्यांचे ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट, कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. रोपवाटिकेला बारीक छिद्रांची कीटकजाळी लावली. पांढरी माशी रोपावर बसली की पर्णगुच्छाचा, म्हणजे पानं आकसून वळवणाऱ्या रोगाचा, विषाणू सोडते आणि त्यावर पुढे काहीच इलाज नसतो. म्हणून रोपवाटिकेत आत-बाहेर करताना दार ओढून घ्यायचं, हे सगळ्यांना बजावलं.

पाणी सकाळीच. संध्याकाळी ओले राहिलेले ट्रे म्हणजे रोपं बुडाशी सडून कोलमडायला आमंत्रण.

28 जानेवारी

वाफसा आला, म्हणजे जमीन मशागतीजोगी झाली. मूठभर माती दाबून सोडली, गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला. कालच घाई केली असती तर ढेकळं उठली असती. गादीवाफे ओढले, कुजलेलं शेणखत मिसळलं. ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत सोडलं, फिल्टर धुतला. दूरच्या टोकाला ड्रिपरखाली भांडी ठेवून पाणी मोजलं. जवळच्या आणि दूरच्या टोकात फरक पडत होता, म्हणून ती लांब ओळ मध्ये तोडून दोन भाग केले.

गाजर आणि बीट पेरलं. गाजराचं बी बारीक आणि हळवं, उगवायला एक ते दोन आठवडे घेतं आणि तेवढ्यात वरची माती एकदा जरी कोरडी पडली तरी ओळ तुटते. ओळींवर ओलं गोणपाट अंथरलं. रोज सकाळी एक कोपरा उचलून बघायचं. पहिला हिरवा धागा दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, नाहीतर रोपं त्यात अडकून पांढरी पडतात.

4 फेब्रुवारी

नोंदणी सुरू. जुन्यांना आठवडाभर आधी संधी, मग नव्यांना. पैसे एकदम किंवा तीन हप्त्यांत. हप्ता मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

आगाऊ पैशांचं खातं वेगळं ठेवलं. हा पैसा भाजी पोचेपर्यंत सभासदांचाच आहे, ही भावना ठेवून खर्च करायचा. निम्म्याहून जास्त आत्ताच लागेल: बियाणं, खत, मजुरी. उरलेला वाटपाच्या आठवड्यांत विभागून ठेवला, म्हणजे शेवटच्या महिन्यात तोडणीच्या मजुरीला ओढाताण होणार नाही.

9 फेब्रुवारी

घेवडा आणि काकडीची पहिली पेरणी. गाजर सलग उगवलं आहे.

चाळीस भरले. त्यानंतर आलेल्यांची नावं प्रतीक्षायादीत. एका ओळखीच्या दादांनी आग्रह धरला, एका टोपलीने काय बिघडतं म्हणून. बिघडतं. रोड आठवड्यात ती एक टोपली बाकीच्या चाळिसांतूनच भरावी लागते.

20 फेब्रुवारी

टोमॅटोची पुनर्लागवड, उन्हं कलल्यावर. आधीचे काही दिवस रोपांचं पाणी तोडून, जाळीबाहेर ठेवून ती काटक केली होती. खोडाचा खालचा भाग थोडा मातीत गाडला, त्याला नवी मुळं फुटतात. फळ हाती यायला आणखी दोन महिने. पहिल्या तीन-चार टोपल्यांत टोमॅटो नसेल, हे सभासदांना आत्ताच कळवलं. लोक सगळ्यात आधी त्याचीच वाट बघतात.

27 फेब्रुवारी

काकडीच्या पानांवर नागअळीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा. खालचीच पानं आहेत, तोडून शेताबाहेर नेली. पिवळे चिकट सापळे लावले. फवारणी नाही, अजून गरज नाही.

उद्या घेवड्याची दुसरी पेरणी, पहिला वाफा अजून फुलावरही नाही तरी. दिसायला हे उतावीळ वाटतं, पण एप्रिलच्या अखेरीचा तो रकाना आत्ताच भरावा लागतो.

8 मार्च

सभासद शेतावर आले. भाषण केलं नाही, भिंतीवरचा कागदच बाहेर आणून झाडाला टांगला आणि त्यावरून बोट फिरवत सांगितलं की कुठल्या आठवड्यात टोपली कशी असेल. एका मुलीने विचारलं, मग सगळं एकदम का नाही पेरत? तिला मुळ्याचे दोन वाफे दाखवले, 10 दिवसांच्या अंतराने पेरलेले. तिला लगेच उमगलं, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्यांनाही.

भराच्या आठवड्यांत जास्तीच्या मालाचं काय, यावर बरीच चर्चा झाली. अमेरिकेत टस्कीगी विद्यापीठातले प्राध्यापक बुकर व्हॉटली यांनी लहान शेतकऱ्यांना सुचवलेली रीत मी सांगितली: ग्राहकांनी आगाऊ वर्गणी भरायची आणि शेतावर येऊन स्वतःच्या हाताने तोडून न्यायचं. सगळा हंगाम तसा चालवणं आपल्याला जमणार नाही. पण माल तोडायला हात कमी पडतील तेव्हा सभासदांनी येऊन जास्तीचं तोडून न्यावं, असं ठरलं. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी वाटपाच्या जागी अदलाबदलीची पेटी: नको ते ठेवा, हवं ते उचला.

15 मार्च

रंगीत तालीम. काही ओळखीच्या घरांसाठीच थोडी तोडणी केली, पण सगळे टप्पे खऱ्यासारखे.

काकडी फुलावर आहे, मधमाश्या सकाळभर हिंडत होत्या. त्यांच्यावाचून काकडी एका टोकाला बारीक, वाकडी धरते. फुलं असेपर्यंत काही फवारायची वेळ आलीच तर सूर्य मावळल्यावर.

पालकावर जास्त लक्ष दिलं. पहाटे तोडलेला आणि ऊन चढल्यावर तोडलेला, दोन्ही क्रेट शेजारी ठेवून मध्ये थर्मामीटर खुपसला. उन्हातला क्रेट सावलीत आणल्यावरही आतून तापलेलाच होता. पानं तोडल्यावरही श्वास घेतात, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणजे सकाळी गमावलेला एक तास संध्याकाळी स्वयंपाकघरात कोमेजून दिसतो. पालेभाजी उजाडायच्या आत तोडायची, लगेच पिण्याच्या पाण्यात बुडवून गार करायची, निथळायची, ओल्या कापडाखाली ठेवायची. धुण्याचं पाणी गढूळ व्हायच्या आधी बदलायचं, झाल्यावर नाही.

मुळा आणि बीट यांचा पाला वेगळी जुडी बांधून द्यायचा. अंगाला ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो.

22 मार्च

पहिल्या टोपलीसोबत जाणारी चिठ्ठी लिहिली. काय आधी संपवायचं, काय थांबेल, एवढंच. पालक आणि कोथिंबीर पहिल्या दोन-तीन दिवसांत, बीट शेवटी. काकडी फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात नको, 10 अंशांखाली काही दिवस राहिली की तिच्यावर पाणचट डाग पडतात. पिकलेल्या टोमॅटोशेजारीही नको, त्याच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती पिवळी पडते. ही ओळ टोमॅटो सुरू झाला की पुन्हा छापायची.

29 मार्च

पहिलं वाटप. पालक, लेट्यूस, मुळा, बीट, कांदापात, कोथिंबीर आणि प्रत्येकी दोन काकड्या. घेवडा आठवडाभर मागे आहे, तसं चिठ्ठीत लिहिलं. बीट सगळं उपटलं नाही, दोन ओळी कागदावरच्या लाल अक्षरांसाठी राखल्या.

भरताना क्रम असा ठरला: तळाशी बीट आणि मुळा, मध्ये काकडी, वर पाला. पूर्ण वाट्याला हिरवी खूण, लहान वाट्याला पिवळी. उचलायला येणाऱ्याने यादीत स्वतःच नावापुढे टिक करायची. वेळ संपल्यावर न उचललेल्या टोपल्यांना फोन केला. तरीही राहिलेली भाजी शेजारच्या अनाथाश्रमाच्या स्वयंपाकघरात पोचवली. हे पत्रकात आधीच लिहिलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

अदलाबदलीच्या पेटीत मुळा साठला आणि लेट्यूस एकही उरला नाही.

5 एप्रिल

घेवड्याचा पहिला तोडा, कोवळा, एकसारखा. प्रत्येकी पाव किलोच देता आला. पुढच्या आठवड्यात अर्धा होईल.

काकूंचा निरोप आला: टोपली रिकामी झाली, काही टाकलं नाही. लहान वाट्यांचा विचार बरोबर ठरतो आहे असं दिसतं, पण पालेभाजी एकच ठेवायचा नियम टोमॅटो-काकडीच्या भरातही पाळायचा.

मुळ्याची पुढची पेरणी निम्मी केली. वाचलेल्या वाफ्यात लेट्यूसची रोपं, शेडनेटखाली. प्रतीक्षायादीतल्या दोघांनी पुन्हा विचारलं. त्यांना कळवलं की एप्रिलच्या अखेरचा आठवडा पार पडू द्या. त्या वाटपानंतर वहीत काय दिसतं ते बघूनच आणखी लहान वाटे उघडायचे की नाही ते ठरेल. घेवड्याची दुसरी लावण वीतभर झाली आहे, सोमवारी खुरपणी.